पाच सेकंदांची मुदत

एक वाक्य लिहिलं की ते लगेच वाचून बघायची मला खोड आहे. वाचलं की एखादा शब्द खटकतो, तो बदलला की शेजारचा खटकतो, आणि तासाभराने कागदावर एकच परिच्छेद उरतो. गेल्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकाच्या लेखाची तारीख मानगुटीवर बसली, तेव्हा मी मागे वळू न देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागलो.

ही जात तशी जुनी. २००६ साली मॅकवर 'राइटरूम' आलं तेव्हा मामला साधा होता. पडदा काळा, अक्षरं हिरवी, बाकी मेनूबिनू काही नाही. पुढच्यांनी फास आवळला. 'राइट ऑर डाय'च्या सगळ्यात कडक पातळीवर थांबलं की लिहिलेले शब्दच पुसले जाऊ लागतात. २०१६ च्या 'मोस्ट डेंजरस रायटिंग ॲप'मध्ये पाच सेकंद बोटं थांबली तर सगळा मजकूर गायब. 'फ्रीराइट' या लिहिण्याच्या यंत्राला तर सुरुवातीला बाणांच्या कळाच नव्हत्या. मी घेतलेला प्रोग्रॅम यांच्यापैकी नव्हता, पण गुण तेच: थोडं थांबलं की मजकुरावर गदा आणि बॅकस्पेस बंद.

बॅकस्पेस नाही म्हणजे काय, हे मराठीत लिहिताना कळतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'स्त्री' लिहायला सहा चिन्हं लागतात. त्यातला एक हलन्त निसटला की 'सत्री' किंवा 'स्तरी', आणि ते तसंच डोळ्यांसमोर राहतं. ते मी सोसलं. थांबायची चोरी मात्र महागात पडली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमकं तिथेच मी अडतो. 'आहे' की 'असावं', 'म्हणतात' की 'म्हणत', हे ठरवायला एक क्षण लागतो. तो क्षण काढण्यासाठी बोटं आपोआप 'खरं तर', 'मुळात', 'एका अर्थाने' टाइप करू लागली. नंतर मजकूर बघितला तर पानोपानी 'खरं तर' पेरलेलं, आणि खरं त्यात फारसं नव्हतं.

एक गोष्ट तर सरळ चुकीची होती. लेख दिवाळी अंकांवरच होता. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, हे मला पक्कं ठाऊक आहे. ओघात बोटांनी १९१९ लिहिलं. एवढ्यावर भागलं असतं तर मुद्रितशोधनात निभावलं असतं. पण मागे जाता येत नव्हतं, म्हणून त्याच सालावर मी पुढचा अख्खा परिच्छेद रचला: परंपरेची शंभरी अगदी आत्ता कुठे झाली, करोनाच्या तोंडावर, वगैरे. वाचायला झोकदार होता. मी त्यावर खूश होतो. इतका, की दुसऱ्या दिवशी फक्त ऱ्हस्वदीर्घ नीट केलं आणि मेल पाठवून दिला.

संपादकबाईंचा फोन आला. "अहो, शंभरी २००९ मध्येच झाली की! आणि या 'खरं तर'चं काय करू?" परिच्छेद गेला. लेख निम्मा झाला आणि पुन्हा लिहावा लागला, तोही त्याच तारखेत.

दोष सॉफ्टवेअरचा नाही. न थांबता लिहिण्याची रीत रूढ करणाऱ्यांपैकी एक, पीटर एल्बो. त्यांचं 'रायटिंग विदाउट टीचर्स' १९७३ मध्ये आलं. लिहिणं आणि खोडणं ही दोन कामं, ती वेगवेगळ्या वेळी करावीत, असा त्यांचा आग्रह. मी पहिलं काम केलं आणि दुसऱ्याला बुट्टी मारली. भराभर आलं म्हणजे ते आतून आलं, असा माझा गोड गैरसमज. शिवाय माझं घोडं मुळात दुरुस्तीपाशी अडलेलं नव्हतंच. टिपणं अर्धवट होती, म्हणून लेख पुढे सरकत नव्हता. वेगाने लिहिल्यावर ती भोकं झाकली गेली, इतकंच.

तो प्रोग्रॅम मी अजून वापरतो, पण टिपणं पुरी झाल्यावर. साल, नाव, आकडा आला की तिथे फुली मारून पुढे जातो आणि संध्याकाळी पुस्तकं काढून फुल्या भरतो. तुम्हाला वापरून बघायचा असेल तर अवश्य बघा. फक्त पाच सेकंदांची अट घालणारा घेऊ नका. मराठीत लिहिणाऱ्याला ती मुदत पुरत नाही.