डोक्याला मार लागला? मग आजची मॅच संपली

लालबाग-परळ-प्रभादेवीत थंडी पडली की कबड्डीच्या स्पर्धा सुरू होतात. माझा दवाखाना याच भागात, त्यामुळे एखाद्या मंडळाचा फोन येतोच, "डॉक्टर, संध्याकाळी जरा येऊन बसाल का?" मीही हौसेने जातो. टेबलावर बर्फ, स्प्रे, क्रेप बँडेज आणि समोर कबड्डी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका किशोर गटाच्या सामन्यात माझ्या हातून एक चूक झाली. डावा कोपरा सांभाळणारा पंधरा वर्षांचा मुलगा घोटा पकडायला झेपावला आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. रक्त नाही, बेशुद्ध नाही. तो लगेच उठून बसला. मी धावत जाऊन विचारलं, "ठीक आहेस ना?" तो म्हणाला, "हो डॉक्टर, खेळतो मी." शेवटची चार मिनिटं उरली होती. मी मान डोलावली.

पुढच्याच चढाईला तो भलत्या जागी उभा होता. सामना संपल्यावर मित्राला विचारत होता, "पहिला हाफ झाला का?" घरी जाताना दोनदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण पुढचे तीन आठवडे डोकेदुखी गेली नाही. वहीत दहा मिनिटं डोकं घातलं की त्याला गरगरायचं. दहावीचं वर्ष होतं. त्याच्या आईने मला एका शब्दाने दुखावलं नाही, पण ती चार मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

चूक माझ्या प्रश्नात होती. अंतिम सामन्यात "ठीक आहेस ना?" याला कोणता मुलगा "नाही" म्हणेल?

कन्कशन म्हणजे काय?

जोराच्या धक्क्याने मेंदू कवटीत हादरतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं, त्याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागत नाही. मार थेट डोक्यावरच बसावा असंही नाही. छातीवर बसलेल्या जोरदार धडकेनेही डोकं झटक्यात हलतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, उद्या खेळू दे" हे गणित चुकीचं आहे.

हादरलेल्या मेंदूला बरं होण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित पण जीवघेणी सूज येऊ शकते. कॅनडात 2013 मध्ये रोवन स्ट्रिंगर ही 17 वर्षांची रग्बी खेळाडू अशीच, काही दिवसांत डोक्याला लागोपाठ मार बसून गेली. 2018 मध्ये ओंटारियो प्रांताने तिच्या नावाने कायदा केला: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर. अमेरिकेत तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आइस हॉकीत मुद्दाम अंगावर धडकण्यालाच 2011 पासून बंदी आहे.

आपल्या कबड्डीतही नियम आहेत. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको. तोंड दाबणं, पायांची कात्री घालणं, केस किंवा कपडे धरून खेचणं हे फाऊल. हिरवं कार्ड ताकीद, पिवळं दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पंचांनी कार्ड काढलं की प्रेक्षक ओरडतात, पण ते कार्ड पुढच्या मुलाचं डोकं वाचवतं.

मी आता काय करतो?

- डोक्याला मार लागला की विचारतो: आपण कोणाशी खेळतोय? शेवटचा गुण कोणी घेतला? कितवा हाफ?
- उत्तर चुकलं, तोल गेला, डोकं दुखलं, अंधारी आली किंवा मुलगा नुसता हरवल्यासारखा वाटला, तर तो त्या दिवशी खेळणार नाही.
- मान दुखत असेल तर त्याला हलवत नाही.

उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, झटका आला, हातपाय लुळे पडले, दोन-दोन दिसू लागलं, बडबड किंवा गुंगी वाढली, कानानाकातून रक्त वा पाणी आलं, तर घरी नेऊ नका. थेट केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या.

यातलं काही नसेल तर पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. झोपू द्यायला हरकत नाही, पण घरातलं कोणीतरी जवळ हवं. मग हळूहळू चालणं, शाळा, धावणं, पकडीशिवाय सराव. पकडी आणि चढाया शेवटी, डॉक्टरांनी तपासल्यावरच. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात.

गेल्या हंगामात मी एका मुलाला असंच बसवलं. सर म्हणाले, "डॉक्टर, तोच आमचा मेन चढाईपटू आहे." वडील म्हणाले, "आमच्या वेळी एवढ्याने कोणी बसत नव्हतं." मी म्हटलं, "संघात बारा जण असतात, मॅटवर सात. राखीव पाच यासाठीच आहेत." संघ दोन गुणांनी हरला. मुलगा माझ्याशी बोललाही नाही.

तीन आठवड्यांनी तो दवाखान्यात आला. "डॉक्टर, आता विचारा," म्हणाला, "शेवटचा गुण कोणी घेतला ते मला आठवतंय."

मुलाचं नाव स्पर्धेत देताना आयोजकांना एवढंच विचारा: डोक्याला मार लागला तर मुलाला बाहेर बसवायचं कोण ठरवणार? ते ठरलेलं नसेल, तर तुम्ही ठरवा.