नशिराबादच्या माजघरात एक लेन्स

जळगावहून भुसावळकडे निघालं की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद येतं. महामार्ग चौपदरी झाल्यापासून बहुतेक प्रवासी या गावाला टोलनाक्याच्या नावाने ओळखतात आणि न थांबता पुढे जातात. रेल्वेने यायचं तर भादली स्टेशनवर उतरायचं, तिथून गाव दक्षिणेला तीनेक किलोमीटर. पुढे वाघूर नदी, आजूबाजूला कापूस आणि केळी.

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये या गावावर मोजून काही ओळी आहेत. १९०१ च्या जनगणनेत १२,१७६ माणसं. जुन्या मशिदी पुष्कळ. १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी गाव लुटलं गेलं, हेही नोंदवलेलं आहे. आणि एक गोष्ट आम्हाला फार आवडली : हे गाव एके काळी काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध होतं. आम्हीही या वेळी काचेच्याच कामासाठी गेलो होतो. फक्त ती काच कॅमेऱ्याची होती.

गावाच्या जुन्या भागात अजून धाब्याची घरं आहेत. मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, खिडक्या लहान. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा या घरांचा गारवा काय असतो, ते खानदेशात राहिलेल्यालाच कळेल. पण जी भिंत ऊन अडवते ती उजेडही अडवते. भर दुपारी माजघरात सुईत दोरा ओवायचा तर बाई दाराशी येऊन बसते.

आमची भाची याच गावात राहते आणि लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो काढते. हे काम तिने शोधलं नाही, ते तिच्याकडे चालत आलं. पुरुष फोटोग्राफर कनातीच्या अलीकडे थांबतो. आत मेंदी लागते, नवरीला सजवतात, आजी नातीच्या डोक्यावरून हात फिरवते, रुखसतीच्या वेळी आई कोसळते. या सगळ्याची आठवण घरात राहावी असं बायकांना वाटतं, पण ती परक्या माणसाच्या मोबाइलमध्ये जाऊ नये असंही वाटतं. भाची फोटो काढते, निवडते, पेनड्राइव्ह नवरीच्या अम्मीच्या हातात देते आणि त्यांच्यासमोर आपल्या कॉम्प्युटरवरून सगळं पुसून टाकते. तिच्याकडे लोक येतात ते या विश्वासावर. तिच्या कमाईतून धाकट्या भावाच्या क्लासची फी जाते.

तिची अडचण उजेडाची होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येते. माजघरात एफ ५.६ म्हणजे फ्लॅश आलाच. फ्लॅश चमकला की बायका डोळे मिटतात, लहान मूल दचकून रडतं, जरीचा दुपट्टा पांढरा फटक पडतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना कळतं की फोटो निघतोय. मग चेहरे चेहरे राहत नाहीत.

म्हणून ती जुनी १७-५० एफ २.८ घेऊ पाहत होती. डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळलेल्या मुंबईच्या एका फोटोग्राफरने ती विकायला काढली होती. किंमत सोळा हजार. पूर्ण रक्कम अनामत ठेवून चार दिवस वापरून बघा, पटली नाही तर परत पाठवा, असा ठराव. भाचीचे अब्बू फोनवर आम्हाला म्हणाले होते, “भाईसाहेब, मोबाइलमध्ये हल्ली अंधारातही फोटो येतो. मग सोळा हजार कशाला? तुम्ही येऊन बघा, तुम्ही म्हणाल ते.” आमच्यातल्या एकाने उमेदीची काही वर्षं फोटो स्टुडिओत काढलेली, म्हणून हा मान. त्याच आठवड्यात मोहल्ल्यात एक निकाहही होता.

‘फास्ट लेन्स’ हा शब्द फसवा आहे. लेन्स पळत नाही. तिचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, मोठं उघडतं, उजेड जास्त येतो, म्हणून शटर झटकन मिटलं तरी चालतं. एफ ५.६ पेक्षा एफ २.८ वर चौपट उजेड आत येतो. जिथे किट लेन्स एक तीसांश सेकंद मागते, तिथे ही एक सव्वाशांश सेकंदात काम उरकते. एक तीसांश सेकंदात हसणाऱ्या मुलीचा चेहरा हलतो, सव्वाशांशमध्ये बहुतेकदा थांबतो. मोबाइल अंधारात चार-सहा फोटो जोडून एक बनवतो. माणूस स्थिर असेल तर छान. पण मेंदीच्या रात्री स्थिर कोण असतं?

मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि नंतर कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाझिर’ लिहिला. ग्रहणाच्या आकारावरही त्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. खंडग्रास सूर्याची कोर छिद्रातून पडद्यावर पाडली तर छिद्र बारीक असतानाच ती कोर म्हणून दिसते, छिद्र मोठं केलं की आकृती गोल होत जाते, हे त्यांनी त्यात मांडलं. लेन्स आली तरी हा व्यवहार पुरता सुटला नाही. छिद्र उघडा, उजेड घ्या, पण नीट दिसणारी खोली कमी होते. ५० मिमीवर, एफ २.८ ला, दोन मीटरवर बसलेल्या नवरीचा फोटो घेतला तर पुढे-मागे मिळून एका वितेच्या आतलंच खरं स्पष्ट येतं. नवरी स्पष्ट, मागची आजी धूसर.

अंधाऱ्या जागेचे फोटो ही अडचण या भागाला नवी नाही. इथून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथली चित्रं उतरवून घ्यायला मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षं रंगवलेल्या बऱ्याच प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांनी कॅमेऱ्याने काढलेले लेण्यांचे फोटो मात्र पुस्तकातून आजही बघायला मिळतात. १८७९ मध्ये त्यांचं निधन झालं. कबर पलीकडेच, भुसावळला आहे.

तर, तपासणी. आम्ही फज्रनंतर लगेच सुरू केली, त्याला कारण होतं. खानदेशात दहा वाजल्यानंतर जमिनीवरून गरम हवा उठते आणि दूरचं सगळं थरथरतं. अशा वेळी शेतापलीकडच्या झाडाचा फोटो काढून ‘लेन्स मऊ आहे’ म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. दोष हवेचा असतो.

आधी काच. मागून मोबाइलचा टॉर्च लावून पुढून पाहिलं. धुळीचे दोन कण, ते चालतात. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी शोधायची असते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. ते नव्हते. झूमची कडी फिरवली, अडकत नव्हती. खाली तोंड करून धरली तरी नळी आपोआप घसरली नाही.

मग ओसरीच्या भिंतीवर वर्तमानपत्राची दोन पानं सरळ चिकटवली. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समोरासमोर. १७, ३५ आणि ५० वर, प्रत्येकी एफ २.८, ४ आणि ५.६. मधली अक्षरं एफ २.८ लाही वाचता येत होती. कोपरे १७ वर धूसर, एफ ४ ला सुधारले. कोपऱ्यांची आम्ही फार चिंता केली नाही, लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात पडदाच असतो. बघायचं ते हे की चारी कोपरे सारखे धूसर आहेत का. एकच बाजू बिघडलेली असेल तर आतली काच कधीतरी पडून हललेली असते, आणि तशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. ही चारी बाजूंनी सारखी होती.

फोकसची परीक्षा भाचीने स्वतः ठरवली. अम्मीच्या डब्यातल्या नऊ काचेच्या बांगड्या तिने मेणाच्या गोळ्यांवर उभ्या केल्या, तिरप्या ओळीत, एकीमागे एक. मधली तेवढी लाल. लालवर फोकस करून ५० वर, एफ २.८ ला फोटो. पाच वेळा काढला, पाचही वेळा लालच्या मागची हिरवी बांगडी जास्त स्पष्ट आली. मग डोळ्याने व्ह्यूफाइंडरमधून न बघता मागच्या पडद्यावर, लाइव्ह व्ह्यू लावून तेच केलं. लाल बांगडीची कड ब्लेडसारखी आली.

याचा अर्थ काच चांगली, हिशेब चुकतोय. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर ठरतो, लाइव्ह व्ह्यूचा फोटो काढणाऱ्या सेन्सरवरच. पहिल्यात कॅमेरा आणि लेन्स यांचं जुळलं नाही तर दोन बोटांचा फरक पडतो. महागड्या कॅमेऱ्यांत हा फरक मेनूत जाऊन दुरुस्त करता येतो, भाचीच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यात ती सोय नाही. किट लेन्सच्या एफ ५.६ ला हा दोष झाकून जातो. एफ २.८ ला नवरीच्या डोळ्यांऐवजी कानातले झुमके स्पष्ट येतात.

भाची गप्प झाली. तिचे अब्बू म्हणाले, “मग परत करून टाक, बेटा.”

“आज रात्री वापरून बघते, अब्बू. बांगड्यांचं लग्न नाहीये.”

इशाच्या नमाजनंतर ती आत गेली. आमच्यातल्या मामूंना अर्थातच बाहेर पुरुषांच्या पंगतीत बसावं लागलं, आत काय झालं ते मामींनी पाहिलं. खोली बारा बाय दहाची, बायका तीसेक. मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे १७ मिमीची खरी किंमत तिथे कळली. भाचीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून १७-५० तिथे जुन्या फिल्मच्या हिशेबात २५-७५ इतकी दिसते. पाठ भिंतीला लावून अख्खी खोली एका फोटोत आली, आणि जागा न सोडता मेंदीचा हातही. एफ १.८ ची ५० मिमीची साधी लेन्स यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते आणि अंधारात जास्त चांगली चालते, पण त्या गर्दीत ती लावली तर एका माणसाचा चेहराच मावतो. लेन्स बदलत बसायला तिथे कोपराएवढीही जागा नव्हती.

फ्लॅश तिने बॅगेतून काढलाच नाही. काही फोटोंत आडवे रंगीत पट्टे आले, ते एलईडीच्या माळांचे. शटर एक शतांशवर आणलं आणि ते गेले. १७ ते ३० च्या दरम्यान व्ह्यूफाइंडरही दगा देत नव्हता. ५० वर तिने दरवेळी लाइव्ह व्ह्यू लावला. तो सावकाश चालतो, त्यात दोन-तीन क्षण हुकले. लेन्स अर्ध्या किलोच्या थोडी वर, तीन तासांनी मनगट दुखायला लागलं हेही तिने सांगितलं. नवरीची आजी शेवटी म्हणाली, “पोरी, तू फोटो काढले की नाही? मला तर काही चमकलेलं दिसलं नाही.”

सकाळी चहाबरोबर फोटो पाहिले. (निवडक. बाकीचे बघायचा हक्क नवरीकडच्यांचा.) एका फोटोत नवरी आणि आजी एकमेकींच्या कपाळाला कपाळ टेकवून बसल्या आहेत. दोघी एकाच रेषेत, म्हणून एफ २.८ लाही दोघी स्पष्ट. उजेड फक्त कोनाड्यातल्या दिव्याचा. भाचीच्या अब्बूंनी तो बराच वेळ पाहिला आणि चष्मा पुसला.

आमचं मत आम्ही सरळ सांगितलं. काच उत्तम, फोकस जुळवून घ्यावा लागेल, त्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. डीएसएलआरचे दिवस सरत आलेत हे खरं. म्हणून नवीन लेन्सवर मोठी रक्कम घालू नये, पण जुनी, रास्त किमतीची लेन्स चार हंगामांत पैसे फेडते.

भाचीने मुंबईला फोन लावला, बांगड्यांचे दोन्ही फोटो पाठवले. ते गृहस्थ भले निघाले. त्यांच्या कॅमेऱ्यावर ही अडचण कधी आली नाही म्हणाले, पण वाद न घालता अडीच हजार कमी केले. फोकस जुळवायला कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागतात, आणि महिन्याभरात तिच्याकडे तीन लग्नं होती. मोहर्रममध्ये आपल्याकडे बरेच लोक लग्न ठेवत नाहीत. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण तिला तेवढी सवड मिळते. कॅमेरा तेव्हा जाईल. तोवर ५० वर लाइव्ह व्ह्यू, असं तिने लेन्सच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं आहे.