कार्ल्याच्या लेण्यातला उजेड

मळवली स्टेशनावर उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वेळ मुद्दामच निवडली होती. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख. दिवस कलला की दर्शनी कमानीतून ऊन आत डोकावते.

निघताना आईने बजावले होते, "देवीला माझा नमस्कार सांग. पण आतला स्तूप मला दिसला पाहिजे हो!" १९६५ साली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, ती वडिलांबरोबर येथे आली होती. वडिलांच्या डबा कॅमेऱ्याने आत काढलेले छायाचित्र काळेकुट्ट निघाले. आज वडील नाहीत, आणि एकवीरेच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

पायऱ्या चढून, देवीला हात जोडून आत गेलो. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोहों बाजूंना खांबांच्या रांगा, वर दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी आणि पार टोकाला स्तूप! बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसेना. मग हळूहळू बाहुल्या मोठ्या झाल्या आणि स्तूप अंधारातून वर आला.

कॅमेऱ्याच्या भिंगालाही अशीच एक बाहुली असते. डिजिटल कॅमेरा हाती देताना भाच्याने पढवले होते, "मामा, अॅपर्चरचा आकडा लहान, तर छिद्र मोठे." गंमत वाटेल, पण हा आकडा भागाकाराचा आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो.

तिवई लावायला परवानगी लागते, ती मजजवळ नव्हती. हात हलू नये म्हणून शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर कायम केले, आयएसओ ८०० वर ठेवला आणि एफ ८ वर पहिले चित्र घेतले. पडद्यावर पाहतो तो काळोख! वडिलांचेच छायाचित्र पुन्हा हाती आल्यासारखे वाटले. मग ५.६, मग ४, मग २.८. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. तीन पायऱ्यांत आठपट. शेवटच्या चित्रात स्तूप लख्ख उमटला.

मात्र उजेड फुकट मिळत नाही. छिद्र मोठे केले की स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. मी स्तूपावर नेम धरला होता. त्यामुळे जवळचा खांब धुक्यात गेल्यासारखा पुसट झाला. म्हटले, खांबाचे काय एवढे!

रात्री आईने चष्मा पुसून चित्र पाहिले. स्तूपाला हात जोडले. मग तिचे बोट त्या पुसट खांबावर थांबले.

"इथेच मला उभी केली होती त्यांनी. हाच का रे असा?"

मी छिद्राचे सारे शास्त्र समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं. पुढच्या वेळी खांब नीट घे. स्तूप थोडा पुसट झाला तरी चालेल."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मळवलीला उतरणार आहे.