१७९.९९ अंश

बी.एड.ला किंवा डी.एल.एड.ला येणाऱ्या मुलामुलींना आता संगणकाची भीती वाटत नाही. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र बहुतेकांच्या फाइलीत असतं आणि फोन तर शाळेपासूनच हातात असतो. व्हिडिओ कापणं, त्यावर आवाज चढवणं, दहा जणांना एका दमात पाठवणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अडचण येते ती पाठ घेताना. समोर वर्गभर मुलं, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, हातात माउस आणि छात्रशिक्षिकेचं सगळं लक्ष त्या उजेडाकडे. मुलांकडे पाठ होते. निरीक्षणाला बसलेल्या मार्गदर्शक बाई टाचणवहीत शेरा लिहितात, ‘वर्गाकडे पाहा.’ खडू-फळ्याच्या काळातही हा शेरा पडतच असे. पण फळ्यावर लिहून झालं की माणूस वळायचाच. पडद्यावरचं चित्र पुढे सरकत राहतं आणि वळायचं राहून जातं.

आंतरवासितेत पहिली ठेच लागते ती मात्र मराठी टंकलेखनाची. भूगोलाचा पाठ, विषय सह्याद्री. पडद्यावर मोठ्या अक्षरांत शीर्षक येतं, ‘डोंगर आणि दर्या’. सहावीतली एक मुलगी विचारते, “बाई, यात समुद्र पण आहे का?” प्रश्न रास्त आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र टाइप केला, त्याचा पाय मोडला आणि य जोडला की रफार येतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. दऱ्या लिहायच्या तर शिफ्ट दाबून ऱ घ्यावा लागतो, मग पाय मोडायचा, मग य. दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना हे सगळे शब्द या एका कळीवर अवलंबून आहेत. एरवी हा कळफलक शिकायला सरळ आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. पण घाईत बनवलेल्या प्रश्नपत्रिकांत आणि स्वाध्यायांत हा ऱ सर्रास हरवलेला दिसतो. मुलं जे छापलेलं पाहतात तेच बरोबर मानतात. त्यामुळे प्राथमिक शाळेत शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाला युनिकोड मराठी बिनचूक टाइप करता यायलाच हवं, आणि ते सादरीकरणाच्या रंगसंगतीआधी शिकवायला हवं.

गणिताच्या छात्रशिक्षकांचं आवडतं साधन म्हणजे जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून ते तयार करायला घेतलं. शाळेसाठी ते मोफत मिळतं. त्यात त्रिकोण काढायचा, तिन्ही कोनांची मापं दाखवायची आणि एक शिरोबिंदू माउसने धरून ओढायचा. त्रिकोण लांबतो, चपटा होतो, मापं सारखी बदलत राहतात आणि बेरीज मात्र हलत नाही. कागदावर त्रिकोण काढून, त्याचे तीन कोपरे फाडून सरळ रेषेवर लावायचा प्रयोग आपल्याकडे जुना आहे आणि तो करायलाच हवा. पण त्यात एका मुलाच्या वाट्याला एकच त्रिकोण येतो. इथे मिनिटभरात शेकडो दिसतात. ‘कुठल्याही त्रिकोणात’ या दोन शब्दांना त्यामुळे वजन येतं.

आता हाच पाठ जवळून पाहू. छात्रशिक्षिका शिरोबिंदू ओढते, थांबते आणि मुलांना बेरीज करायला सांगते. पडद्यावर आकडे आहेत ४७.३३, ६१.३३ आणि ७१.३३. मुलं वहीत मांडतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, एकशे एकोणऐंशी पूर्णांक नव्याण्णव येतंय.” दुसरा म्हणतो, “माझंपण.” टाचणात याला जागा नव्हती. अशा वेळी घाबरलेली छात्रशिक्षिका बिंदू पटकन दुसरीकडे ओढते. तिथे बेरीज १८० येते आणि ती म्हणते, “बघा, आलं की नाही!” पाठ वेळेत संपतो. मुलं शंका वहीतच मिटवतात, फार तर मनात धरतात की कम्प्युटर कधीकधी चुकतो.

खरं तर पाठ तिथेच रंगात आलेला असतो. जिओजेब्रा मापं दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवतं आणि पुढचे अंक गाळताना जवळची संख्या घेतं. तिन्ही मापांत थोडं थोडं गळलं की बेरजेत एक शतांश कमी पडतो, कधी एक शतांश वाढतोही. सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळं वाढवली की मुलांच्या डोळ्यांदेखत फरक आणखी बारीक होतो. आता खरा प्रश्न उभा राहतो. कोनमापकाने मोजलं तर १७८ येतं, १८१ येतं, संगणकाने मोजलं तर १७९.९९ येतं, मग नेमकं १८० कुठून आलं? उत्तर मोजण्यात नाही, सिद्धतेत आहे. एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढायची, व्युत्क्रम कोन जुळवायचे, आणि तिथे मोजमाप लागतच नाही. सहावीला ही सिद्धता पूर्ण करायची गरज नाही, पण तिची भूक मात्र याच शतांशाने लागते. ज्या छात्रशिक्षिकेने आदल्या दिवशी स्वतः वहीत बेरजा करून पाहिल्या, तिला हा आकडा अडचणीचा वाटत नाही. ती तो मुद्दाम समोर आणते.

विषयज्ञान आणि अध्यापनज्ञान यांच्या मधलं, फक्त शिक्षकाकडेच असतं असं ज्ञान ली शुलमन यांनी १९८६ मध्ये वेगळं काढून दाखवलं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांची त्यांची तीन वर्तुळं आज बी.एड.च्या पुस्तकांत असतात. परीक्षेत ती वर्तुळं सुबक काढणारेही १७९.९९ समोर आलं की गांगरतात. दोष त्यांचा नाही. संगणक त्यांना प्रयोगशाळेत शिकवला, भूमिती वर्गात शिकवली आणि दोघांची गाठ थेट मुलांसमोर पडली.

चौथीच्या वर्गात डी.एल.एड.चे विद्यार्थी जातात तेव्हा एक्सेल असंच वेगळं दिसू लागतं. निकालपत्रकासाठी सगळेच ते शिकतात. पण आडव्या ओळींत मुलं, उभ्या रकान्यांत प्रश्न आणि बरोबरला १, चुकीला ० असं मांडलं तर रकान्याची बेरीज मुलांपेक्षा शिकवण्याबद्दल जास्त बोलते. समजा ‘५०३ − २६७’ या रकान्याची बेरीज सगळ्यांत कमी आली. कळलं एवढंच की इथे गाडी अडली. का अडली हे वहीत दिसतं, कारण बऱ्याच वह्यांत उत्तर २३६ ऐवजी ३६४ असतं. प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा केलंय. मधल्या शून्याकडून हातचा कसा घ्यायचा, हेच उमगलेलं नाही. मग दुसऱ्या दिवशी शतक, दशक, सुट्ट्यांच्या काड्या बाहेर काढायच्या. एक्सेलचा रकाना, मुलांची वही आणि काड्यांचे गठ्ठे हा एकच सलग पाठ आहे, असं छात्रशिक्षकाला वाटू लागलं की प्रशिक्षण लागू पडतंय असं समजावं.

रणजितसिंह डिसले यांचं नाव छात्रशिक्षकांना तोंडपाठ असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना ते २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले. दहा लाख डॉलर्सच्या त्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड म्हटलं की तेच आठवतात. छात्रशिक्षकांना त्यांची गोष्ट सांगताना कोडच्या आधीचा भाग सांगायला हवा. २००९ मध्ये ते तिथे गेले तेव्हा शाळेची इमारत पडझडीला आलेली होती आणि मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. पुस्तक मुलांना कळत नाही हे त्यांनी आधी ओळखलं, मुलांच्या भाषेत ते नेलं आणि मग त्याला आवाज आणि चित्रं जोडण्यासाठी कोड वापरला.

हे सगळं शिकवायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये जन्मलेलं सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे प्रत्येक अध्यापक महाविद्यालयात चालतं. छत्तीस मिनिटांचं चक्र ठरलेलं आहे. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं नव्याने आखणी, सहा मिनिटं पुन्हा पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. प्रश्न विचारणं, फलकलेखन, प्रबलन ही कौशल्यं आपण अशी सुटी करून घोटून घेतो. ‘पडदा थांबवून अंदाज विचारणं’ हेही याच चक्रात बसवावं.

विज्ञानातलं उदाहरण घेऊ. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पात विद्युत परिपथ जोडायचं साधन आहे. एकदा उतरवून घेतलं की ते इंटरनेटशिवाय चालतं, म्हणजे खेड्यातल्या शाळेतही चालतं. छात्रशिक्षिकेने एक सेल आणि एक दिवा जोडून दाखवायचा. मग कळ बंद करून दुसरा दिवा एकसरीत जोडायचा आणि कळ सुरू करण्याआधी विचारायचं, ‘आता पहिल्याचा उजेड जास्त असेल, दुसऱ्याचा, की दोघांचा सारखा?’ उत्तर वहीत लिहूनच घ्यायचं. पहिल्या दिव्याने वीज खाल्ली, दुसऱ्याला कमी उरली, असं पुष्कळ मुलांना वाटतं. विद्यार्थी म्हणून बसलेल्या तिच्या वर्गमित्रांपैकीही काहींना वाटतं. मग कळ दाबायची. दोन्ही दिवे सारखेच मंद.

प्रत्याभरणाच्या सहा मिनिटांत विचारायचं एवढंच, की किती जणांनी अंदाज लिहिला होता, कळ दाबल्यावर बाई पडद्याकडे पाहत होत्या की चेहऱ्यांकडे, आणि चुकलेल्या अंदाजावर पुढचा प्रश्न कोणता विचारला. पुढच्या बारा मिनिटांत टाचण दुरुस्त करायचं आणि त्याच टाचणाच्या मागच्या बाजूला टॉर्चचे दोन दिवे, सेल आणि वायर घेऊन हाच पाठ कसा घ्यायचा तेही लिहायचं, कारण ऐन पाठाच्या वेळी वीज जाणं अजून पुष्कळ गावांत नेहमीचं आहे.