बाबांचा ट्रक, चोवीस पट लहान

निवृत्त नर्सने विणकाम करावे, लोणची घालावी, नातवंडे सांभाळावी, अशी आपल्याकडची समजूत. मी ट्रक बांधते. खरा नव्हे, चोवीस पट लहान. वाचक हसतील, म्हणून आरंभापासून सांगते.

इथे ब्रिस्टलमध्ये मी घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा बांधण्याचे काम करीत असे. एका वृद्ध गृहस्थांच्या पायाची जखम बरेच महिने चालली. त्यांच्या खिडकीत आठ चाकी ट्रकची एक सुरेख प्रतिकृती होती. ते ब्रिस्लिंग्टनच्या कारखान्यात फिटर होते. ब्रिस्टलच्या बसगाड्या पुष्कळांना ठाऊक असतील. पण त्याच कारखान्यात १९५२ ते १९६४ पर्यंत जड मालट्रकही बनत. कारखाना राष्ट्रीयीकृत, म्हणून खुल्या बाजारात गाड्या विकायची त्याला बंदी. हे ट्रक सरकारी वाहतुकीच्या 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस'साठीच तयार होत. १९८३ साली कारखाना बंद झाला. "हातांना सवय राहिली आहे, म्हणून घरी बांधतो," असे ते गृहस्थ म्हणत.

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे शिकायला गेले. कोणता ट्रक करायचा, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "माझ्या वडिलांचा."

माझे बाबा मुंबई-पुणे रस्त्यावर माल नेणारे ड्रायव्हर होते. गाडी टाटा-मर्सिडीज. टाटांचा जर्मन कंपनीशी करार १९५४ साली झाला आणि १९६९ साली संपला. पुढच्या गाड्यांवरचा तीन टोकांचा तारा गेला. बाबांच्या गाडीवर तो तारा होता. अशा ट्रकची तयार पेटी दुकानात शोधू नका. आपल्याकडे कारखान्यातून बहुधा नुसती चासी आणि पुढचा भाग येई. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधीत. एका ट्रकची केबिन दुसऱ्याला जुळायची नाही. तेव्हा सगळे हातानेच करणे आले: प्लॅस्टिकचे पातळ पत्रे, पितळी तार, आइस्क्रीमच्या काड्या, आणि माझा जुना चिमटा.

पण मापे कुठून आणायची? माझ्याजवळ एकच फोटो, बाबा पुढच्या चाकाशी उभे असलेला. गुरुजी म्हणाले, "आधी चाक मोज." टायरचे आकार ठरलेले असतात, एवढे एक चाक कळले की बाकीचे त्यावरून काढता येते. अश्दोदला असलेल्या माझ्या भावाला फोन केला. लहानपणी त्याने बाबांबरोबर कितीतरी वेळा टायर बदलले होते, ९.००-२० हा आकडा त्याला तोंडपाठ. असा टायर सुमारे १०१८ मिलिमीटर उंच असतो. फोटोत तो १२ मिलिमीटर भरला. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर खऱ्या ट्रकवर सुमारे ८५ आणि माझ्या मॉडेलवर साडेतीन. दरवाजा, पायरी, बॉनेट, सगळे याच हिशेबाने काढले.

मग सहज बाबांनाही मोजले. ते चाकाला लागूनच उभे होते, म्हणून त्यांनाही तेच प्रमाण लागू. फोटोत ते १९ मिलिमीटर भरले. गुणाकार केला: पाच फूट तीन इंच! मी तीन वेळा मोजले. माझ्या आठवणीतले बाबा दारात वाकून येणारे होते.

भावाला सांगितले तर तो हसला. "अगं, क्लचवर पाय पोचत नसे त्यांचा. पाठीमागे गोणपाटाची घडी ठेवून बसत." पॉवर स्टीअरिंग नसलेला, मालाने भरलेला ट्रक घेऊन हा बुटका माणूस बोरघाट चढत होता. शिंग्रोबाच्या देवळाशी क्लीनर नाणे टाकी आणि बाबा ओठांतल्या ओठांत शेमा म्हणत. लहानपणी मला वाटे, वाटेत खंडाळा लागतो म्हणजे एलियाहू हन्नबीच्या रथाच्या चाकांची खूण बाबांना रोज दिसत असेल. तो खंडाळा अलिबागजवळचा, घाटातला नव्हे, हे फार उशिरा कळले.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते. मालक शनिवारी खेप पाठवी आणि बाबा जात. आई शुक्रवारी दिवा लावी, त्यांचे ताट झाकून ठेवी. मी सोळा वर्षांची असताना शाळेत शनवार तेलींचा इतिहास ऐकून आले आणि बाबांना म्हटले, "आपले पूर्वज शब्बाथला घाणा बंद ठेवीत, नि तुम्ही ट्रक चालवता!" बाबा काही बोलले नाहीत. मोरीवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. पुढे मी इथे येऊन नर्स झाले आणि कित्येक शनिवार कामावर काढले. मला कोणी बोल लावला नाही. आजाऱ्यासाठी धर्मच मुभा देतो. बाबांजवळ तसली मुभा नव्हती. चार पोटे होती.

मॉडेल खरे वाटावे तर ते वापरलेले दिसले पाहिजे. खडू किसून त्याच्या भुकटीचा गंज लावतात, धूळ चढवतात. कुठे काय झिजले असेल ते शोधताना मी पुन्हा नर्स झाले. पायरी झिजते ती चढणाऱ्या पायाखाली. दरवाजाच्या कडेचा रंग जातो तो कोपर टेकते तिथे. बाबांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता, याचा अर्थ मला साठी उलटल्यावर लागला.

ट्रक पुरा व्हायला चौदा महिने लागले. शेवटी तागाचा चिंधीभर तुकडा घडी करून सीटवर ठेवला. गुरुजी म्हणाले, टप चिकटवलास की तो कोणालाच दिसणार नाही. म्हणून मी टप चिकटवलेला नाही, नुसता वर ठेवला आहे. नातवाला तो उचलून आत दाखवते आणि पणजोबांची उंची सांगते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे फोटो असतील: वडील गाडीशी, यंत्राशी किंवा इंजिनाशी उभे असलेले. एक पट्टी घेऊन बसा. माणूस किती होता ते मोजून पाहा.