मेस सेक्रेटरी आणि नहेम्या

थर्ड इयरला मी मेस सेक्रेटरी झालो. तेही बिनविरोध! (दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.) घरी फोन केला तेव्हा छाती चांगलीच फुगली होती. आजी पलीकडून एवढंच म्हणाली, "बाळा, आधी नहेम्या वाच."

आमचं घर ख्रिस्ती. आजीच्या प्रत्येक सल्ल्यात पवित्र शास्त्रातलं एखादं नाव असतंच. मी "हो हो" म्हणालो आणि विसरून गेलो.

सेक्रेटरीपदाचे फायदे मात्र लगेच लक्षात आले. लाइनीत उभं राहायचं नाही. फीस्टच्या दिवशी ताट थेट रूमवर. इतरांना पनीरचे मोजून चार तुकडे, मला वाटीभर. महिन्याभरात मेसमधल्या मामांशी बोलताना माझा सूरही बदलला. मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. पण टोकणार कोण?

मग ऑक्टोबरात हिशेबात २,४०० रुपये कमी निघाले. किराणा आणायला मामाच जायचे. रात्री भरल्या मेसमध्ये मी त्यांना विचारलं, "मामा, पैसे गेले कुठे?" 'मी नुसतं विचारलं' असं नंतर सगळ्यांना सांगत फिरलो, पण आवाज चढलेला होता. मामा काही बोलले नाहीत. हातातली पोळ्यांची परात खाली ठेवली आणि आत निघून गेले.

चौथ्या दिवशी सबमिशनसाठी जर्नल काढली, तर त्यातून गॅस सिलिंडरची पावती पडली. पैसे मीच दिले होते आणि लिहायला मीच विसरलो होतो.

त्या रात्री झोप येईना, म्हणून नहेम्या उघडला. हा इ. स. पूर्व पाचव्या शतकातला यहुदी माणूस, पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमचा कोट पडलाय असं कळल्यावर तो राजाची परवानगी काढून तिथे गेला आणि लोकांना हाताशी धरून ५२ दिवसांत कोट उभा केला. आपल्या भाषेत, प्रोजेक्ट वेळेत पूर्ण! पण माझं लक्ष पाचव्या अध्यायावर अडलं. अधिकारी म्हणून त्याला जेवणाचा भत्ता मिळायचा. लोकांवर आधीच ओझं आहे म्हणून त्याने १२ वर्षं तो घेतलाच नाही. आधीचे अधिकारी घेत होते, त्यांचे नोकरसुद्धा लोकांवर रुबाब करायचे. याने तसं केलं नाही, कारण त्याला देवाचं भय होतं. मला माझी पनीरची वाटी आठवली.

आणखी एक. अगदी सुरुवातीच्या प्रार्थनेत तो लोकांची पापं देवापुढे कबूल करतो, तेव्हा 'ते चुकले' म्हणत नाही. त्यात स्वतःलाही धरतो. मी नेमकं उलटं केलं होतं.

आमच्या श्रद्धेत पुढारीपणाचा सगळ्यात मोठा धडा येशूने दिला, तो शिष्यांचे पाय धुऊन. धरून देणारा यहूदाही त्यांच्यात होता. हे फक्त पुस्तकातलं म्हणावं, तर पुणे–दौंड मार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी त्या मुलींना वाचायला शिकवलं, शेती आणि छपाईचं काम शिकवलं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता! लोकांनी आपल्याला मान द्यावा म्हणून बसून राहिली असती तर शोभलं असतं. पण १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत ती त्या मुलींसाठीच राबली.

मामांना रूमवर बोलावून 'सॉरी' म्हणणं सोपं होतं. पण आरोप चारचौघांत केला होता. दुसऱ्या रात्री सगळे जेवत असताना उभा राहिलो, पावती दाखवली आणि म्हणालो, "चूक माझी होती. मामा, मला माफ करा." पाय थरथरत होते. व्हायव्हालाही एवढे थरथरले नव्हते. मामा म्हणाले, "जेवून घ्या सेक्रेटरीसाहेब, गार होतंय."

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर मामांनी किराण्याचे पैसे हातात घेतले नाहीत. "तुम्हीच चला," म्हणायचे. मग वर्षभर दर रविवारी पिशव्या घेऊन मी त्यांच्याबरोबर गेलो. पैसे मी द्यायचो, पावती ते मागून घ्यायचे आणि माझ्या हातात ठेवायचे. माफी मागता येते, पण गेलेला विश्वास परत मागता येत नाही, एवढं मला त्या वर्षी कळलं.

मित्रांनो, यंदा तुमच्यापैकी कुणीतरी फॉर्म भरेलच. देव मानत असाल किंवा नसाल, एक काम जरूर करा. निवडून आलात की दुसऱ्या दिवशी ताट घेऊन लाइनीत उभे राहा, अगदी शेवटी. मेस कशी चाललीय ते तिथूनच नीट दिसतं.