ऑपरेटरकडे येणारे निरोप



आपल्याकडे ऑपरेटर म्हटले की वीज सबस्टेशनवर रात्र काढणारा माणूस आठवतो. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे ‘परिचालक’ म्हणत. बँका, विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मेनफ्रेम संगणकालाही असा परिचालक लागतो. आपला एक माजी विद्यार्थी हैदराबादला तेच काम करतो. दिवाळीत बाजारहत्नूरला आला तेव्हा त्याने समजावून सांगितले.

आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० प्रणाली आणली. एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे. जणू एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, आणि प्रत्येकाला वाटते वाडा आपलाच. तिची आजची वारस झेड/व्हीएम. तिच्यावर शेकडो लिनक्स सर्व्हर चालू शकतात आणि प्रत्येकाचे निरोप ऑपरेटरच्या पडद्यावर आणता येतात. बहुतेक निरोप नुसती हजेरी असतात. ‘डिस्क भरत आली’ हा एखादाच, आणि पहाटे तीनला तो नेमका डोळ्यांसमोरून सरकून जातो.

यासाठी ‘प्रॉप’ म्हणजे प्रोग्रामेबल ऑपरेटर आहे. त्याला एक तक्ता द्यायचा: निरोपातले शब्द कोणते, पाठवणारा कोण, काय करायचे. आलेला निरोप तो तक्त्याशी ताडून पाहतो. जुळला की ठरलेले काम करतो: नोंदवहीत टिपतो, आज्ञा देतो किंवा माणसाला कळवतो. आज्ञा रेक्स भाषेत लिहिता येतात. ओळींचा क्रम मात्र जपावा लागतो. ढोबळ ओळ वर ठेवली तर खालच्या नेमक्या ओळीची पाळीच येत नाही. कशातच न बसणारा निरोप माणसाकडेच जावा, अशी शेवटची ओळ तो स्वतः लिहितो. मला हे फार पटले.

त्याचे वडील शेजारीच बसले होते. त्यांनी विचारले, “सर, सगळे यंत्रच करणार, मग माझ्या पोराची नोकरी राहील का?” मुलाने खरे ते सांगितले. रात्रपाळीला आता पूर्वीपेक्षा कमी माणसे लागतात. तक्ते लिहिता येतात म्हणून तो टिकला. वडिलांचे समाधान झालेले दिसले नाही. मलाही त्यांची समजूत घालता आली नाही.

आपल्या कार्यालयात खडू संपल्याची चिठ्ठी आणि मुलाला ताप आल्याची चिठ्ठी एकाच टेबलावर पडतात. संक्रांतीच्या सुट्टीआधी तो शाळेत येणार आहे. नववी-दहावीच्या मुलांनी या चिठ्ठ्यांचा तक्ता करून ठेवावा. संगणक लागणार नाही, वही पुरे.